आवाराच्या किल्ल्या सोपवायची वेळ आली आहे (नागपूर, कुत्र्यांचं रेस्क्यू)

रानपाखरू

नमस्कार मंडळी. इथल्या बऱ्याच जणांना मी बेसा-पिपळ्याकडच्या कुत्र्यांच्या आवारामुळे माहीत आहे. कुणी मला रात्री-अपरात्री फोन केले आहेत, कुणी पोत्यांनी तांदूळ पाठवलाय, कुणाच्या घरी आमच्याकडची पिल्लं मोठी झाली आहेत. म्हणून इकडून तिकडून कानावर येण्याआधी मीच सांगते. येत्या पोळ्यापर्यंत मी या कामातून पूर्ण बाहेर पडणार आहे. आवार बंद होत नाही आणि एकही जीव वाऱ्यावर सोडला जाणार नाही. फक्त मी तिथे नसेन.

कारण सगळेच विचारतील. पैशाची ओढाताण पहिल्यापासून होती, ती काही आजची नाही. गुडघे गेलेत, आई अंथरुणाला खिळली आहे, हेही आहे. पण मुख्य कारण फोन. माझा नंबर गेली कितीतरी वर्षं शहरभराच्या ग्रुपांवर फिरतोय. "ताई, तुम्ही घेत नसाल तर होतं तिथेच ठेवून देतो, मग मेलं तर बघा" हे वाक्य मी आठवड्यातून कितीदा ऐकते ते मोजणं सोडून दिलं. हल्ली फोन वाजला की उचलायच्या आधीच राग येतो. आणि पलीकडे कोण असतो? वर्धा रोडवर मे महिन्याच्या उन्हात, शेकडो गाड्या निघून गेल्यावर जो एकटा थांबला, तो. त्याच्याशी मायेने बोलणारं माणूस त्या फोनवर हवं. माझ्यातलं ते संपत चाललंय, आणि पूर्ण संपायच्या आत मला तो फोन दुसऱ्याच्या हाती द्यायचा आहे.

आणखी एक. आम्ही तिथे गेलो तेव्हा चहूकडे तूर-सोयाबीन होतं. आता लेआउट पडलेत, घरं झालीत, लोकांनी आयुष्याची कमाई घालून प्लॉट घेतलेत. रात्री तीन वाजता आमची कुत्री एकसुरात भुंकायला लागली की त्यांनी तक्रार का करू नये? जागामालकही पुढचा करार वाढवेल असं दिसत नाही. म्हणजे आवाराला जागा बदलावीच लागणार. नवी जागा, नवे शेजारी, नवी शेड हे सगळं पुन्हा उभं करायचं तर ज्याला पुढची दहा वर्षं द्यायची आहेत त्यानेच ते करावं.

गेल्या दसऱ्यापासून नवीन प्राणी घेणं थांबवलं. सगळ्यात कठीण तेच होतं. फाटकाशी खोकी ठेवून जाणारे अजूनही जातात, पण कमी झाले. सध्या चाळीसच्या आसपास कुत्री आहेत. उपचारासाठी आणलेली, नसबंदी आणि लस झालेली जी धडधाकट आहेत, ती आपापल्या गल्लीत परत जात आहेत. तिथे त्यांना ओळखणारं, रोज भाकरी टाकणारं कुणीतरी असतं. आधी त्या माणसाला भेटते, मगच सोडते. पिल्लांना घरं मिळतील. काळ्या रंगाच्या गावठी माद्या नेहमी मागे राहतात, त्यांच्यासाठी इथे खास विनंती करते.

माझी झोप उडवतात ती लकवा झालेली. गाडीखाली येऊन मागचे पाय गेलेली सहा-सात आहेत. त्यांना लघवी आपोआप होत नाही. दिवसातून तीन वेळा पोट हाताने हलकं दाबून मूत्राशय रिकामं करावं लागतं. नाही केलं तर आत संसर्ग होतो आणि जनावर तापाने जातं. अंग घासून जखमा होतात, पावसाळ्यात त्यात माशी बसली की एका रात्रीत अळ्या. हे काम किळसवाणं अजिबात नाही, शिकायला आठवडा लागतो. पण ते कुणालातरी शिकवल्याशिवाय मला जाता येणार नाही. माझ्याकडे एक मावशी आणि एक मुलगा आहे, दोघांना येतं. आणखी निदान तिघांना यायला हवं.

तर हा धागा दोन गोष्टींसाठी. हात हवेत. आणि संस्था एकाच माणसाच्या नावावर उभी राहिली की ती दुसऱ्याकडे कशी सोपवायची, याची माहिती हवी. मनमोकळं बोला.

---

काटोलरोड

ताई, वाचून राह्यलो अन् घशात काहीतरी अडकून राह्यलं. आमच्या गल्लीतल्या लंगड्याला तुम्हीच नेलं होतं, अन् तुम्हीच परत आणून सोडलं. आजही तो पानठेल्यापाशी बसतो. कान कापलेला पाहून नवीन लोक विचारतात काऊन कापला, तर मी सांगतो, नसबंदी झाल्याची खूण आहे बाप्पा, याला कोणी उचलून नेऊ नका.

रविवारची सकाळ माझी. दाबून लघवी काढायचं शिकवा, मी शिकतो.

---

ओली_माती

ताई, मला इथे लिहायचं नव्हतं, तुमच्याशी समोरच बोलायचं होतं, पण समोर आले की शब्द सुचत नाहीत.

मी कॉलेजात होते तेव्हापासून तुमच्याकडे येते. पार्व्होच्या, म्हणजे पिल्लांच्या त्या जीवघेण्या विषाणूच्या, साथीत आपण दोघी रात्रभर पिल्लांना सलाईन लावत बसायचो. दर तासाला ब्लिचिंगच्या पाण्याने फरशी पुसायची, हात धुवायचे, कपडे बदलायचे, मगच दुसऱ्या खोलीत जायचं. ही शिस्त तुम्ही लावली. तो विषाणू मातीत महिनोन्महिने राहतो, म्हणून ज्या कोपऱ्यात पिल्लू गेलं तिथे नवीन पिल्लू ठेवायचं नाही, हे तुम्ही भिंतीवर लिहून ठेवलंत. आता तुम्ही जाणार म्हटल्यावर मला राग आला आहे. खरंच आला आहे. तुम्ही दमलात हे मला दिसत होतं. पण आम्हाला सांगायच्या आधी सगळं ठरवून टाकलंत, याचं वाईट वाटलं. आमच्यातल्या कुणाला तरी विचारलं असतंत, "तू करशील का?"

---

हिशोबनीस

मी धर्मादाय संस्थांचे हिशेब पाहतो. तुमच्या संस्थेची कागदपत्रं पाहिलेली नाहीत, त्यामुळे सर्वसाधारण सांगतो.

संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असेल तर विश्वस्त बदलले की कलम २२ नुसार बदल झाल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल द्यावा लागतो. सगळे त्याला चेंज रिपोर्ट म्हणतात. नुसता राजीनामा लिहून मिटिंगच्या वहीत चिकटवला तर कागदोपत्री तुम्ही विश्वस्तच राहता. उद्या कुणाला कुत्रा चावला, कुणी तक्रार केली, नोटीस तुमच्या नावाने येईल. जुने चेंज रिपोर्ट मंजूर झालेत की नाही तेही तपासा. पुष्कळ संस्थांत आधीचेच प्रलंबित असतात आणि मग नवा पुढे सरकत नाही.

बँकेच्या सह्या लगेच बदला. आयकराच्या १२-अ आणि ८०-ग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या ठरावीक मुदतीनंतर नव्याने कराव्या लागतात, त्यांची मुदत नव्या लोकांना लेखी द्या. ती चुकली तर देणगीदारांची करसवलत जाते आणि संस्थेच्या उत्पन्नावरही कर बसू शकतो.

समजा नवे विश्वस्त मिळालेच नाहीत, तर संस्था गुंडाळून पैसे आपल्या मनाने वाटता येत नाहीत. ते प्राण्यांसाठी आलेले आहेत, तशाच उद्देशाच्या संस्थेकडेच जायला हवेत. कलम ५०-अ खाली दोन संस्था एकत्र करण्याची योजना धर्मादाय आयुक्त मंजूर करू शकतात. वेळ लागतो, पण पक्का मार्ग आहे. गाडी, पिंजरे, फ्रीज, कुलर यांची यादी आजच करा. देणगीतून घेतलेली गाडी तुमच्या नावावर असेल तर आधी ती संस्थेच्या नावावर करा.

---

दोन_पोरांचा_बाप

माझं म्हणणं इथे कुणाला आवडणार नाही, तरी मांडतो.

मी हुडकेश्वरकडच्या एका लेआउटमध्ये राहतो. गेल्या वर्षी माझ्या मुलीला ट्यूशनहून येताना कुत्र्याने चावलं. पोटरीला, खोल. सुया टोचून घेताना ती जे रडली ते मी विसरणार नाही. आता ती पायी कुठे जात नाही. रानपाखरू ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण तुम्ही "धडधाकट कुत्री परत गल्लीत सोडतो" असं लिहिता तेव्हा माझ्या मनात एकच येतं, ती गल्ली माझी असली तर? शेल्टर असताना ती आत का राहू शकत नाहीत?

---

रानपाखरू

दादा, न आवडण्यासारखं काहीच लिहिलं नाहीत. मुलीला झालं ते भयंकर आहे आणि तिची भीती खरी आहे.

तुमच्या प्रश्नाला नीट उत्तर देते. परत सोडणं हा नियम आहे. २००१ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत तो होता आणि त्यांच्या जागी २०२३ मध्ये आलेल्या नियमांतही आहे: नसबंदी, रेबीजची लस, आणि जिथून उचललं तिथेच परत. २०२५ च्या ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली कुत्री निवाऱ्यात न्यायला सांगितलं होतं, पण २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते बदललं. रेबीज झालेली, तसा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री सोडायची नाहीत, बाकीची लस-नसबंदी करून मूळ जागी सोडायची. ७ नोव्हेंबरच्या आदेशात शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं, क्रीडा संकुलं अशा आवारांतली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला आणि तिथे परत न सोडायला सांगितलं. चावणारं कुत्रं मीही कधी परत सोडलेलं नाही.

आता नियमापलीकडचं, माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. एका लेआउटमधून सगळी कुत्री उचलून नेली की उकिरडा तिथेच राहतो, कोंबडीच्या दुकानामागची घाण तिथेच राहते. मग बाजूच्या वस्तीतली नवी कुत्री येतात. त्यांना लस नसते, ती तुमच्या पोरांना ओळखत नाहीत, आणि माद्या व्याल्या की पिल्लांच्या राखणीसाठी चावतात. मादीला दोन महिन्यांत पिल्लं होतात, तुम्ही-आम्ही पकडून किती पकडणार? ओळखीची, नसबंदी झालेली चार कुत्री ज्या गल्लीत असतात तिथून मला तक्रारीचे फोन फार कमी येतात.

आणि आत ठेवण्याबद्दल. चाळीस कुत्र्यांना माणसासारखं ठेवायचं म्हणजे काय असतं ते मी रोज बघते. आपल्याकडचा मे. पत्र्याखाली भट्टी, म्हणून वर हिरवी जाळी, गोणपाट ओलं करून टांगायचं, कुलरला दिवसातून कितीदा पाणी भरायचं, वीज गेली की बादल्या घेऊन धावायचं. हे हजारो कुत्र्यांसाठी कुणी करेल का? करायला हवं तर करूच, पण ज्यांना बाहेर जगता येतं त्यांना कोंडून लकवेवाल्यांची जागा अडवली जाते.

तुमच्या लेआउटमधली कुत्री नसबंदी झालेली आहेत का? कान बघा. टोक कापलेलं नसेल तर मला कळवा. जाण्यापूर्वी तेवढं काम माझ्या हातून होऊ द्या.

---

गुरांचा_डॉक्टर

दोन_पोरांचा_बाप यांना: मुलीचा पूर्ण कोर्स झाला ना? मधली एखादी सुई राहिली असेल तर आजच दवाखान्यात जाऊन विचारा. हा धागा अनेकजण वाचतील म्हणून इतरांसाठीही लिहितो. चावल्यावर हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, मग लगेच दवाखाना. रक्त निघालं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं, ते मागून घ्या. रेबीजची लक्षणं दिसल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही, पण त्याआधी उपचार झाले तर तो टळतो. कुत्र्यांमधला प्रसार तोडायला परिसरातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस लागते. म्हणून लस झालेलं कुत्रं गल्लीत असणं तुमच्या मुलीच्याही फायद्याचं आहे.

ताई, नव्या लोकांना आवारात पाऊल टाकायच्या आधी रेबीजची प्रतिबंधक लस द्या. तीन सुया, पहिला दिवस, सातवा, आणि एकविसावा किंवा अठ्ठाविसावा. मग कधी चावलंच तर दोन बूस्टरवर भागतं, इम्युनोग्लोब्युलिनची गरज पडत नाही. काटोलरोड, हे तुम्हालाही.

लघवी काढायचं मी दोन शनिवारी येऊन शिकवतो. प्रत्येक कुत्र्याचं एक कार्ड करू: वजन, दुखणं, चालू औषध, कशाची रिअॅक्शन आली, कुणाला कोण जवळ आलेलं चालत नाही. आज हे सगळं ताईंच्या डोक्यात आहे. गोचीडतापावर डॉक्सिसायक्लिन चालू असलेली दोन आहेत, त्यांचा कोर्स चार आठवडे चालतो. माणूस बदलला आणि कार्ड नसलं की कुत्रं बरं दिसतंय म्हणून औषध मधेच थांबतं. मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ आली तर सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहेच. केस पेपर जपून ठेवायची सवय नव्यांना लावा.

---

धरमपेठची

मी रोज रात्री आमच्या भागातल्या कुत्र्यांना खायला घालते. ऑक्टोबर २०२२ आठवतो? आपल्या नागपूर खंडपीठाने सार्वजनिक जागी खायला घालायला मनाई केली, खायला घालायचं तर दत्तक घ्या म्हणून. सोसायटीतल्या लोकांनी तेव्हा माझा डबा हातातून घेतला होता. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली तोपर्यंत मी घाबरून पहाटे चारला जायचे. त्या दिवसांत रानपाखरू ताई माझ्यासोबत उभ्या राहिल्या आणि त्यांनीच मला सांगितलं, भांडू नकोस, जागा बदल. मुलं खेळतात तिथे नाही, जिन्यापाशी नाही, फाटकाशी नाही. जेवण झालं की जागा झाडून घ्यायची. पुढे २०२३ च्या नियमांत नेमकं हेच आलं. तेव्हापासून माझं कुणाशी वाजलं नाही.

ताई, तुम्ही परत सोडत असलेल्यांपैकी आमच्या भागातल्या दोघांची जबाबदारी माझी. आणि एक काळी मादी मी घरी घेते. सासूबाईंना विचारलंय, त्या हो म्हणाल्या.

---

जुनी_कमान

मीही हेच केलं होतं, दुसऱ्या शहरात, काही वर्षांपूर्वी. म्हणून जरा कडक बोलतो.

ताई, "पूर्ण बाहेर" म्हणालात ना, तर पूर्णच व्हा. सल्लागार म्हणून राहते, हिशेब तेवढा बघते, अवघड केस आली तर विचारा, असं काही ठेवू नका. मी ठेवलं होतं. नव्या मुलांनी औषधाची वेळ बदलली की मी अस्वस्थ, त्यांनी एखाद्याला नाही म्हटलं की लोक माझ्याकडे, आणि मी हो म्हणायचो. त्यांचं कुणी ऐकेना. शेवटी त्या मुलांनीच मला समजावलं की काका, तुम्ही येऊ नका. ते बोलले म्हणून ती संस्था आज उभी आहे.

नंबर तुमच्या नावावरचा असेल तर तो संस्थेकडे द्या आणि स्वतःसाठी नवीन घ्या. जुना बंद करू नका, शहराला तो पाठ आहे. पहिले काही महिने फोन वाजल्यासारखा भास होतो, झोपेतून उठून चप्पल शोधतो माणूस. ते जातं. आणि लोक बोलतील. "सोडून गेली" म्हणतील. ज्यांनी कधी एक पिल्लू उचललं नाही तेच जास्त म्हणतील. तुम्ही चाळीस जिवांची व्यवस्था लावून चालला आहात. आमच्या या क्षेत्रात कितीतरी आवारं त्या एका माणसाला हार्ट अॅटॅक आल्यावर किंवा घरमालकाने कुलूप लावल्यावर बंद झाली, आणि कुत्र्यांचं काय झालं ते सांगायलाही कुणी उरलं नाही. ते होऊ नये म्हणून वेळ हातात असताना जाणं, याला मी जबाबदारीच म्हणेन.

ओली_माती, तुझा राग बरोबर आहे. पण तू जे शेवटी लिहिलंस ना, "तू करशील का" असं विचारलं असतं तर, त्याचं उत्तर काय दिलं असतंस?

---

ओली_माती

हो म्हणाले असते.

भीतभीत, पण हो. एकटी मात्र नाही करणार. मला ताईंसारखं चोवीस तास फोन घेऊन जगायचं नाही, नोकरी आहे, आणि मला ती सोडायची नाही. आमच्यातल्या चौघांनी आठवडा वाटून घेतला तर? फोन सकाळी आठ ते रात्री नऊ. रात्री उचलणार नाही, जवळच्या दवाखान्याची माहिती सांगणारा रेकॉर्ड केलेला निरोप लावायचा. आवारात एका वेळी तीसच्या वर कुत्री नाहीत, मग कुणी कितीही रडू दे. हे ताईंना चालेल का, हे मला विचारायचं आहे.

---

दोन_पोरांचा_बाप

काल मुलीला घेऊन कान बघत फिरलो. आमच्या लेआउटमधल्या सात कुत्र्यांपैकी दोघांचेच कापलेले दिसले. तिनेच मोजले, माझा हात धरून. एक मादी गाभण वाटते. नसबंदीसाठी लेखी अर्ज महापालिकेकडे कसा करायचा ते सांगा, सोसायटीच्या लेटरहेडवर सह्या मी जमवतो. उकिरड्याचा विषयही मिटिंगमध्ये घेतो.

---

रानपाखरू

दादा, अर्जाचा मजकूर तुम्हाला निरोपात पाठवते. गाभण मादीला आत्ता पकडू नका. ती व्याल्यावर पिल्लं दूध सोडेपर्यंत थांबायचं, त्या काळात मुलांना तिच्या जागेपासून लांब ठेवा आणि दुरून पाणी ठेवा. बाकीच्या चौघांचं आधी करून घेऊ.

हिशोबनीस, गाडी माझ्याच नावावर आहे. सोमवारी आरटीओत जाते. जुन्या चेंज रिपोर्टची फाईलही काढली आहे.

डॉक्टर, शनिवार पक्के. कार्डं मावशी आणि मी मिळून भरतोय. मावशींना जे माहीत आहे ते मलाही नव्हतं, कोणत्या आंधळ्या म्हातारीला कोणत्या बाजूने हाक मारायची इथपर्यंत.

जुनी_कमान, हिशेब मी ठेवणार होते. तुमचं वाचल्यावर तोही सोडते.

आणि पोरी, तुला विचारलं नाही कारण तू नाही म्हणू शकणार नाहीस असं वाटलं. तुझ्या वयात मीही म्हणू शकले नव्हते. पण तू तर अटी घालून हो म्हणालीस. मला अशा अटी कधी घालता आल्या नाहीत. सगळ्या मान्य आहेत. तीसच्या ऐवजी पंचवीस कर. नव्या जागेत विलगीकरणाची खोली वेगळी ठेवावी लागेल, ती भरलेली धरूनच आकडा मोज. लकवेवाल्यांना पहिली जागा, हे मात्र कागदावर लिहून घे, म्हणजे गर्दीच्या काळात कुणी त्यांना मागे सारणार नाही.

जागेसाठी उमरेड रोडच्या बाजूला एक शेत बघितलंय, विहीर आहे, वस्ती लांब आहे, रस्ता पावसाळ्यात खराब होतो. रविवारी सकाळी आठला तिथे जाऊ. चौघंही या. काटोलरोड दादा, तुमच्याकडे टेम्पो आहे ना, शेडचे पत्रे मोजायला टेप घेऊन या. भाव माझ्यासमोर तुम्ही करा, मालकाशी मी बोलणार नाही.

---

काटोलरोड

टेप घेतो, अन् तर्री पोहे पण. आठला म्हणजे आठला. ताई, डॉक्टरसाहेबांनी सांगितली ती पहिली सुई मी आजच घेऊन आलो.